फिनाइलच आहे ते

गेल्या महिन्यात अकोटकडचा एक शेतकरी माझं घर विचारत विचारत आला. त्याचा भाऊ कपाशीवर औषध फवारताना वावरातच पडला होता आणि अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात होता. "तुमी यातून उठले म्हणतात," तो म्हणाला. "मंग पुढं काय काय होते, ते सांगा. डॉक्टर सांगतात, पण त्याइले थोडंच झालं हाये." मी त्याला दोन तास सांगत बसलो. तो गेल्यावर सुभद्रा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आता लिहूनच काढा. दर वेळेस सांगता अन् मंग दोन दिवस धड जेवत नाही."

म्हणून लिहितो आहे.

मी नारायण गावंडे. अकोल्याबाहेरच्या एका जिनिंगमध्ये मी दहा वर्षं आगीचा जमादार होतो. कापसाच्या कारखान्यात एका विडीनं काय होऊ शकतं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत होतो. तिथं शिकलो होतो की गडबड झाली की आधी धावायचं नाही, बघायचं. वारा कुठला आहे, माणसं किती आहेत, दार कोणतं उघडं आहे, आणि पेटलं आहे ते काय आहे. मग शिट्टी. मग बालट्या. दहा वर्षांत आमच्या जिनला चार वेळा आग लागली आणि एकही माणूस गेला नाही. त्याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, गर्वच होता.

ही नोकरी मला दिनकरनं दिली. दिनकर खेडकर, जिनचा मॅनेजर. बार्शीटाकळीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो मॅट्रिकनंतर पुढं शिकला, मी फौजेत गेलो. परत आलो तेव्हा त्यानंच मला बोलावून घेतलं. माझ्या लग्नात त्याचा फेटा माझ्या फेट्यापेक्षा मोठा होता, असं सुभद्रा अजून म्हणते. आता ते हसून म्हणत नाही.

वैशाखातली दुपार

संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कापसाचा हंगाम संपला होता, जिन बंद होता. रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये मालकांनी कुठल्याशा कंपनीचे ड्रम ठेवून घेतले होते. पाऊस पडला की ते पुढं जाणार होते. ते काय आहे हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. शेडमध्ये कापूस नव्हता, म्हणून आग नव्हती, म्हणून माझं काम नव्हतं, असं मी धरून चाललो.

अकोल्याचं ऊन. पत्रा इतका तापलेला की शेडमध्ये पाय टाकला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटे. सकाळी दहाच्या सुमारास दिनकरचा शिपाई सांगत आला, ड्रम गळतात.

मी गेलो. आधी बघितलं. तीस-बत्तीस ड्रम, त्यातले दोन शिवणीवर फुटलेले. जमिनीवर पिवळट तेलासारखं ओघळलेलं, मोठ्या चटईएवढं. वास उग्र, थोडा सडक्या लसणासारखा. वारा पश्चिमेचा, म्हणजे आमच्याच क्वार्टरांकडे जाणारा. मी सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला, फाटकापाशी पाठवलं. बाया-पोरांना क्वार्टरांतून बाहेर काढून लिंबाखाली बसवलं. दोन्ही दारं उघडली. इथवर मी जे केलं त्यात चूक नव्हती, असं नंतर चौकशीत इन्स्पेक्टरही म्हणाले.

मग मी दिनकरला विचारलं, "काय आहे यात?"

"फिनाइलसारखंच आहे रे. वास तेवढा घाण."

"ड्रमवर काही लिहिलेलं कावून नाही?"

ड्रमांच्या पोटावर चौकोनी डाग होते. कागद चिकटवलेला असावा आणि कुणी खरवडून काढलेला असावा, असे.

"रेल्वेत निघाले असतील," दिनकर म्हणाला. "नारायण, मालक संध्याकाळी यायचे आहेत. त्यांना हा घाण प्रकार दिसायला नको. तू हाताशी दोघं घे आणि आटप."

मी मान हलवली. त्याच्यावर अविश्वास दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही. आपल्या माणसाला माणूस दोनदा विचारत नाही.

शेख रहीम आणि पांडुरंग, दोघं जुने हमाल. चारही आगींत हे दोघं माझ्या शेजारी होते. पांडुरंग चाळिशीचा, अंगानं दणकट, बोलायला थोडका. मी म्हणालो, तोंडाला ओलं फडकं बांधा, आपण राख-माती टाकून हे शोषून घेऊ आणि फुटके ड्रम उलटे करून ठेवू, गळती वर येईल अशी.

पांडुरंग दारातच थांबला. तो कधी थांबत नसे.

"जमादार, याच्यानं काही होनार तर नाही ना?"

"फिनाइलच आहे ते," मी म्हणालो.

एवढंच. त्यानं फडकं बांधलं आणि आत आला.

आम्ही तिघं अनवाणी होतो. हातात काही नाही. राख टाकली, खराट्यानं ओढली, परत राख टाकली. फुटके ड्रम जड होते. दुसरा उलटवताना तो पांडुरंगाच्या छातीवर आला. त्यानं तो मिठी मारल्यासारखा धरून ठेवला, पडू दिला नाही. त्याची बंडी पोटापर्यंत भिजली. माझं धोतर गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही हात. दीड तासात जागा कोरडी झाली. दिनकर दारातून म्हणाला, "शाब्बास, जमादार." लोकांसमोर तो मला जमादारच म्हणायचा.

ऊन लागलं

रहीमला नमाजाला जायचं होतं. घाण अंगावर घेऊन तो मशिदीत जाणं शक्यच नव्हतं. त्यानं विहिरीवर साबण लावून आंघोळ केली, कपडे बदलले आणि गेला. मी आणि पांडुरंग लिंबाखाली बसलो. घाम येत होता, म्हटलं ऊन आहे. डोकं दुखत होतं, म्हटलं वासानं.

मग दिसायला कमी झालं. भर दुपारी कुणी कंदिलाची वात खाली करावी तसं. मी डोळे चोळले, ज्या हातांनी ते सगळं ओढलं होतं त्याच हातांनी. तोंडाला पाणी सुटलं. थुंकलो तरी पुन्हा सुटे. पोटात कळ आली. पांडुरंग ओकला आणि आडवा झाला. त्याच्या दंडाचे स्नायू कातडीखाली तडतड उडत होते. बैलाच्या अंगावर माशी बसली की कातडी थरथरते ना, तसे.

दिनकर आला. बघून म्हणाला, "ऊन लागलं दोघांना." जिनच्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं डोक्याला कांदा लावला, कैरीचं पन्हं पाजलं. दोघांचेही कपडे अंगावर तसेच होते. ते वाळत होते आणि आम्हाला वाटत होतं की वाळताहेत हे बरं. दोन तास, कदाचित अडीच.

सुभद्रेला कुणीतरी सांगितलं तेव्हा ती धावत आली. ती माझ्या कपाळावर हात ठेवून दिनकरकडे वळली.

"भाऊजी, हे ऊन नोहे."

"वहिनी, तुम्ही घाबरू नका..."

"ऊन लागलेल्या मानसाले घाम येत नाही. त्याचं आंग भाकरीच्या तव्यावानी कोरडं पडते. माह्या बापाले लागलं व्हतं, म्या पायलं हाये. हे तर भिजून चिंब हायेत. गाडी काढा."

दिनकर म्हणाला, थोडं थांबू, उतरेल. सुभद्रा त्याच्याशी पुढं बोललीच नाही. ड्रायव्हरकडे गेली आणि ट्रकच्या पायरीवर चढून बसली. "चालव," म्हणाली. त्यानं दिनकरकडे पाहिलं. दिनकरनं मान फिरवली. लोकांनी आम्हाला मागं चढवलं, सुभद्रा आमच्यापाशी येऊन बसली आणि ट्रक निघाला.

ती रस्ताभर पांडुरंगाचं तोंड पुसत होती, माझं नाही. त्याची हालत जास्त वाईट होती हे तिला कळलं होतं.

बुबुळं

दवाखान्यातले डॉक्टर तिशीच्या आतले होते, पुण्याकडून आलेले. त्यांनी माझ्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि म्हणाले, "मोहरीएवढी झालीत." मला वाटलं माझ्याविषयी नाहीच, काही भाजीपाल्याविषयी बोलत आहेत. मग ते माझ्या धोतरावर वाकले, वास घेतला आणि ओरडले, "सिस्टर, यांचे कपडे काढा. आधी कपडे! साबण आणा!"

मला आणि पांडुरंगाला फरशीवर उघडं करून दोन आया आणि एक सिस्टर जनावर धुवावं तशा धूत होत्या. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही. श्वास ओढायला इतकी मेहनत लागत होती की बाकी कशाला जागा नव्हती. छातीत पाणी भरल्यासारखं घरघरत होतं. मी श्वास मोजायला लागलो. आठपर्यंत जायचो आणि चुकायचो.

"ड्रममध्ये काय होतं?" डॉक्टर विचारत होते.

"फिनाइल," मी म्हणालो. जीव जात असताना मी दिनकरचं खोटं आपलं म्हणून सांगत होतो.

डॉक्टरांनी माणूस जिनवर पाठवला. तासाभरानं तो चिठ्ठी घेऊन आला. दिनकरच्या अक्षरात, दिनकरच्या सहीची. फिनाइल. डॉक्टरांनी ती वाचली, केसपेपरला टाचणीनं टोचून ठेवली आणि म्हणाले, "फिनाइलनं बुबुळं अशी होत नाहीत." चिठ्ठीची वाट न पाहताच त्यांनी सुया द्यायला सुरुवात केली होती. त्याआधी त्यांनी अकोटकडचा असा एकच रोगी पाहिला होता. तो एक पाहिला होता म्हणून मी आज आहे.

पांडुरंगालाही सुया दिल्या, पण उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत तो गेला. माझ्या खाटेपासून तीन खाटा पलीकडे. मला कळलं नाही. सुभद्रेनं चार दिवस लपवलं. मी विचारलं की म्हणायची, "त्याले दुसऱ्या वार्डात नेलं."

कोरडं तोंड

ज्यांच्या घरचं माणूस या आजारात आहे त्यांना हे सांगायला पाहिजे: औषधानं माणूस वेड्यासारखा वागतो, भिऊ नका. त्या सुयांनी आधी ओली असलेली प्रत्येक गोष्ट कोरडी पडते. जीभ टाळूला चिकटते. छातीत घोडा पळतो. डोळ्यांसमोर जवळचं काही दिसत नाही, स्वतःचा हातही धूसर. मला सगळ्या वॉर्डात रुई उडताना दिसायची. मी हवेतून ती वेचायचो आणि सुभद्रेच्या ओटीत टाकायचो. ती पदर पसरून बसायची. शेजारच्या खाटेवरचे लोक हसत. ती म्हणायची, "हसू द्या. टाका तुमी."

दवाखान्याचा दिवस एकसारखा असतो. पहाटे झाडू, मग थर्मामीटर, मग दलियाची ताटली, मग डॉक्टर. मी डॉक्टरांच्या बुटांचा आवाज ओळखायला शिकलो. आवाज माझ्या खाटेपाशी थांबून लवकर पुढं गेला की बरं वाटे. मोठ्या सिस्टर पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ओठांवरून फिरवायच्या. आयुष्यभर कापसात राहिलो, पण कापूस एवढा गोड कधी लागला नव्हता.

रहीमला एक रात्र ठेवून घरी पाठवलं होतं. त्याचे हात आठवडाभर थरथरले, तेवढंच. चौथ्या दिवशी तो नदीच्या वाळूतलं टरबूज काखेत घेऊन आला. खाटेपाशी खाली बसला.

"पांडुरंग कोणत्या वार्डात हाये?" मी विचारलं.

त्यानं सुभद्रेकडे पाहिलं. सुभद्रा खिडकीकडे पाहत होती.

"जमादार," तो म्हणाला, "मी आंघोळ केली. त्यालेबी बोलावलं होतं मी. 'चल, दोन बालट्या टाकून घे,' म्हटलं. तो म्हने, जमादार बसले हायेत, मीबी बसतो."

टरबूज तसंच राहिलं. संध्याकाळी आयांनी नेलं.

सही

पाचव्या दिवशी दिनकर आला. मोसंबी आणली होती. खाटेवर बसून माझा हात हातात घेतला आणि रडला. मी त्यालाच समजावत होतो. "तुझी काय चूक," म्हणालो. "कंपनीनंच तुला सांगितलं नसेल."

त्यानं डोळे पुसले. थोड्या वेळानं सुभद्रेला म्हणाला, "वहिनी, खालून चहा आणता का?" ती गेली. मग त्यानं खिशातून कागद काढला.

"तुझी रजा मंजूर करून घेतो. नाहीतर मालक नाव काढतील. इथं सही कर."

मला कागद दिसत होता, अक्षर दिसत नव्हतं. पांढऱ्यावर मुंग्यांची रांग. "वाचून दाखव," मी म्हणालो असतो तर? म्हणालो नाही. त्यानं माझ्या बोटांत टाक दिला, आणि माझं बोट कापत होतं म्हणून मनगट धरून जागेवर नेलं. आम्ही दुसरीत असताना मास्तर असंच पाटीवर गिरवून घेत.

सुभद्रा चहा घेऊन आली तेव्हा तो उठत होता. "कायचा कागद व्हता?" तिनं विचारलं. मी म्हणालो, रजेचा. ती म्हणाली, "मह्यासमोर कावून नाही घेतला?" मी तिच्यावर ओरडलो. तेवढी ताकद होती माझ्यात.

अमरावती

तीन आठवड्यांनी सोडलं. जिनच्या क्वार्टरमध्ये परत जायची छाती झाली नाही, म्हणून अमरावतीला सुभद्रेच्या भावाकडे गेलो. तो शाळेत मास्तर होता, दोन खोल्यांचं घर. एक खोली त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः सहा जण एका खोलीत झोपले. कधी बोलून दाखवलं नाही.

लोक समजतात, दवाखान्यातून सुटला म्हणजे बरा झाला. तसं नाही. मला सदऱ्याच्या गुंड्या लावता येत नव्हत्या. जिना चढताना पाय दुसऱ्याचे वाटत. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. कुणाच्या हातून भांडं पडलं की मी शिट्टी शोधायचो. आणि उगाच रडू यायचं, जेवताना, दाढी करताना. मला वाटे, ही माझी कमजोरी आहे. पुढं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते विषच तसं आहे, ते नसांत बसतं आणि मनातही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी स्वतःचा इतका तिरस्कार केला नसता. म्हणून सांगतो. रडू येतं. सहा-आठ महिन्यांनी कमी होतं.

सुभद्रेचं आणि माझं भांडण त्याच घरात व्हायचं, हळू आवाजात, कारण भिंत पातळ होती.

"भाऊजीनं गाडी द्याले नाही म्हटलं," ती म्हणायची.

"'नाही' नाही म्हटलं. थांबू म्हटलं."

"तुमी मेले असते तरी त्याइचीच बाजू घेतली असती."

तीन-चार महिने मी दिनकरची वकिली केली. तो एकदाही भेटायला आला नाही, त्यालाही मी कारणं शोधून दिली. हंगाम जवळ आला असेल. मालक त्रास देत असतील.

चौकशी

दसऱ्याच्या आधी अकोल्याला कारखान्यांच्या इन्स्पेक्टरसमोर चौकशी झाली. मी काठी घेऊन गेलो, सुभद्रा बरोबर. दिनकर समोरच्या खुर्चीत होता. मी त्याच्याकडे पाहून हसलो. त्यानं नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा.

इन्स्पेक्टरांनी एक कागद उचलून वाचला. मी, नारायण गावंडे, जमादार, असं लिहून देतो की सदर ड्रममधील द्रव अत्यंत विषारी असून त्यास हात लावू नये, याची लेखी सूचना मला मॅनेजरसाहेबांकडून मिळाली आहे. खाली माझी सही. वाकडी, कापरी. तारीख ड्रम फुटले त्याच्या आदल्या दिवसाची.

"ही सही तुमची का?"

मी सही पाहिली. माझीच होती. माझं मनगट कुणी धरलं होतं ते आठवलं, आणि कानांत एक आवाज भरला, जिनचे सगळे चरखे एकदम सुरू व्हावेत तसा. मी दिनकरकडे पाहिलं. तो वरच्या पंख्याकडे पाहत होता.

त्या घटकेत मला जे वाटलं ते विषाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. विषाला माझं नाव माहीत नव्हतं. दिनकरला होतं.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "कागद माझा नाही. मला दिसत नव्हतं."  सुभद्रा उभी राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "सायेब, यानं मले चहा आनाले धाडलं अन् सही घेतली. दवाखान्यात, खाटेवर. हे तवा हवेत कापूस येचत व्हते."

मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी केसपेपर आणले होते आणि त्याला टोचलेली चिठ्ठी तशीच होती. इन्स्पेक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दिनकरला एकच विचारलं: "आदल्या दिवशी तुम्ही जमादाराला हे विष आहे असं लिहून दिलंत, मग दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फिनाइल कसं कळवलंत?"

दिनकर म्हणाला, "गडबडीत..." आणि थांबला.

तिथून सगळं बाहेर आलं. ड्रमांत पिकावर फवारायचं जहाल औषध होतं आणि त्यांवरच्या कागदांवर कवटीचं चित्र होतं. ते पाहून स्टेशनवरच्या हमालांनी माल उतरवायला नकार दिला होता. म्हणून दिनकरनं कागद खरवडून घेतले. ड्रमांबरोबर कंपनीचं इंग्रजी पत्रक आलं होतं, ते त्याच्या टेबलाच्या खणात सापडलं. डॉक्टरांनी मला त्यातल्या चार ओळी मराठीत सांगितल्या. अंगाला लागल्यास कपडे ताबडतोब काढावेत. साबणानं धुवावं. रोग्याला बसवून ठेवू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावं. आणि ज्या सुईनं मी वाचलो तिचं नाव. खण शेडपासून चाळीस पावलांवर होता. मी नंतर मोजली आहेत.

पुढं खटला झाला. दिनकरची नोकरी गेली, काही महिने तो तुरुंगात होता. मालक सुटले, त्यांना काही माहीतच नव्हतं म्हणे. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या फाटकाबाहेर दिनकर माझ्यापाशी आला. "नारायण, मलाही वरून दाब होता. मला वाटलं, एवढं काही होणार नाही."

"मग आधीच सांगायचं होतंस," मी म्हणालो. "मी आत गेलो नसतो, किंवा विचार करून गेलो असतो. ड्रम मी तुला हलवून दिलेच असते रे."

त्यानं खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

आता मी अमरावतीला एका तेलाच्या गिरणीत तेच काम करतो. पण एक फरक आहे. कुठलाही ड्रम, पोतं, डबा फाटकातून आत यायच्या आधी त्यावरचा कागद मी वाचून घेतो. इंग्रजी असेल तर मास्तर मेहुण्याकडून. कागद नसेल तर माल बाहेर उन्हात. मालक चिडतात. चिडू द्या. तुम्हीही विचारा. देणारा सख्खा भाऊ असला तरी विचारा.

वेणूबाई

पांडुरंगाच्या घरी जायला मला वर्ष लागलं. निकाल लागेपर्यंत मी म्हणायचो, निकाल लागू दे. मग म्हणायचो, पायात बळ येऊ दे. शेवटी सुभद्रा म्हणाली, "मी चाल्ली. यायचं तं या."

त्याची बायको वेणूबाई, आम्ही भरपाई-बिरपाईचं बोलायला आलो असं समजून, आधी दारातच उभी राहिली. मग आत घेतलं, पाणी दिलं. मी दिनकरचं सगळं सांगायला लागलो. कागद कसे खरवडले, पत्रक कसं लपवलं, माझी सही कशी घेतली. मला वाटत होतं, हे ऐकून तिचा माझ्यावरचा राग उतरेल. मी त्यासाठीच आलो होतो, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं.

तिनं मध्येच थांबवलं.

"जमादार, मॅनेजरचं मले नोका सांगू. त्यानं मॅनेजरले कुठं इचारलं? तुमाले इचारलं."

"हो," मी म्हणालो.

"अन् तुमी काय सांगतलं?"

"फिनाइलच आहे ते, म्हणालो."

तिनं मान हलवली, जणू हे तिला माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.  सुभद्रेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिनं राहू दिला.

"त्या कागदावर काय लिहेल व्हतं?" तिनं विचारलं.

मी चार ओळी सांगितल्या. तिनं पुन्हा सांगायला लावल्या.

"आधी कपडे काढा, असंच व्हतं?"

"असंच."

"बस? कपडे काढा, धुवा?"

"हो."

वेणूबाईनं दाराशेजारच्या भिंतीतल्या खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर काही नव्हतं.

"घरी पाठवाचं व्हतं ना मंग त्याले," ती म्हणाली. "तो घरात पाय ठेवला की आधी बंडीच काढे."